गल्लीवरची खोली

"उभा करा, उभा! उभा केला की वळेल!"

"उभाच आहे, मालक. आता तो आडवा व्हायला तयार नाही."

अथमानभाऊजी जिन्याच्या पायथ्याशी, हमाल आणि पलंग वळणावर, आणि माझी बहीण रुकिया वर माजघराच्या पडद्याआड. तिला दिसत काहीच नव्हतं, पण सूचना सगळ्या तिच्याच चालल्या होत्या. "डावीकडे घ्या म्हणावं त्यांना. आणि चुना खरवडू नका, आत्ताच हात फिरवलाय भिंतीला." मी तिच्या शेजारी ऊददाणी घेऊन उभी होते. विहीणबाईंसाठी ऊद पेटवला होता, आणि तो पलंगाच्या नावानंच जळून चालला होता.

पलंग झैनाचा. झैना म्हणजे रुकियाच्या लेकीची, शमसाची, होणारी सासू. तिच्या आईचा तो पलंग, काळ्या लाकडाचा, चढायला छोटी घडवंची लागावी एवढा उंच, वर मच्छरदाणीचे चार खांब, पायांवर हस्तिदंताची फुलं. सकाळी शेला गावाहून होडीतून धक्क्यावर उतरला. सोबत निरोप: दुपारच्या नमाजानंतर मी स्वतः खोली पाहायला येते.

त्या निरोपानं रुकियाची झोप उडाली होती. आमच्या लामू गावात मुलीला घर द्यायचं ते आईबापांनी, आणि जावयानं तिथं राहायला यायचं. बाबांनी आम्हाला तसंच दिलं. बार्केताईला गल्लीच्या उगवतीचं घर, रुकियाला मावळतीचं. (माझ्या वाट्याचं घर मोंबासातल्या एका व्यवहारात बुडालं. तेव्हापासून मी रुकियाकडेच.) पण रुकियाच्या घरावर आणखी मजला चढवायची सोय नव्हती; खालच्या भिंतीला तो भार पेलला नसता. शमसाला देण्यासारखी एकच जागा होती, ती म्हणजे गल्लीवरची खोली. आणि झैना साखरपुड्यालाच हसत हसत म्हणून गेली होती, "घराची अडचण असेल तर सांगा हं. माझा फमाऊ सदा समुद्रावर, मी एकटी एवढ्या मोठ्या घरात. सून माझ्याकडे आली तर मला काय, आनंदच आहे."

रुकियाला तेवढं एकच लेकरू राहिलेलं. शेल्याला गेली म्हणजे ईदेला दिसणार.

गल्लीवरची खोली बाबांनी बांधली तेव्हा मी लहान होते. तिवराचे वासे त्यांनी धक्क्यावर जाऊन स्वतः निवडले. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, हे आमच्या गावातल्या सगळ्याच घरांचं. वाशांची एकीकडची टोकं ताईच्या भिंतीत, दुसरीकडची रुकियाच्या भिंतीत, खाली गल्ली. दोन बहिणींना एकमेकींकडे जायला बुरखा घ्यावा लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. आम्ही त्या खोलीत पालथ्या पडून तक्तपोशीच्या फटीतून खाली जाणाऱ्या गाढवांचे कान मोजत असू. खोली कुणाची, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही. तो सुचला आईच्या चाळिसाव्याला. ताई म्हणाली, पहिला वासा माझ्या भिंतीत बसला, खोली माझी. रुकिया म्हणाली, आई शेवटी तिथं झोपायची ती माझ्या दारानं यायची, खोली माझी. मग दोघींनी आपापल्या बाजूनं कड्या घातल्या आणि खोली मधल्या मधे राहिली.

यंदा अथमानभाऊजींनी आमच्याकडची कडी काढली, आत चुना दिला. ताईकडून काही आवाज आला नाही. आम्ही त्याला होकार समजलो.

"रुकिया!" भाऊजी खालून ओरडले. "जात नाही गं. तुझा जिना दोनदा वळतो."

"मग मी काय जिना सरळ करू?"

"हमाल म्हणतायत, समोरच्या घराचा जिना सरळ आहे."

रुकियानं माझ्याकडे पाहिलं. मी ऊददाणीत पाहिलं.

*

शमसा त्या वेळी गल्लीवरच्या खोलीत होती. कोनाड्यांतून चिनी बशा मांडत होती, निळ्या वर, हिरव्या खाली. लग्न चार दिवसांवर आलेलं, अंगाला रोज चंदन लागत होतं, आणि नवरीनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. आईच्या जिन्यात हमालांचे आवाज ऐकले तशी ती दचकली. आता हे वर येणार, याच दारातून. पळायचं कुठं? तिनं समोरच्या दारावर हलकेच टिचकी मारली.

"मावशी, मावशी गं! कडी काढ ना. इकडे पुरुष येतायत."

दाराच्या पलीकडे बार्केताई चटईवर बसून खोबरं किसत होती. ते दार तिच्या माजघरातच उघडायचं. हे सगळं तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही हात कामात असताना, माझ्याकडे न बघता. महिनाभर ती त्या दाराशीच बसत होती. पोरगी चुना पुसताना गुणगुणायची, ते ऐकू यायचं. ताईचे दोन्ही मुलगे मोंबासात, त्यांच्या बायका तिथल्याच. घरात गुणगुणणारं कुणी नव्हतं. खोली माझी आहे म्हणून आपण भांडायला हवं, हे तिला रोज सकाळी आठवायचं आणि पोरीचा आवाज आला की उद्यावर पडायचं.

कडी गंजली होती. किसणीच्या दांड्यानं ठोकून काढावी लागली.

"ये. आतल्या खोलीत जा आणि पडदा ओढून घे." एवढंच बोलली. मग पुन्हा, "बाळा, किती वाळलीस तू. चंदन लावतात की नुसतंच नाव?"

शमसा आतल्या खोलीत शिरते न शिरते तोच खालच्या दारात अथमानभाऊजी. बायकोच्या थोरल्या बहिणीसमोर त्यांची नेहमीच त्रेधा उडायची.

"बार्केताई, ते जरा... पलंग आहे."

"कुणाचा?"

"म्हणजे झैनाबाईंचा. पण आता शमसाचा. तुमच्या जिन्यानं नेला असता. तुमची हरकत नसेल तर. असेल तर मग... मला काही सुचत नाहीये."

"रुकियानं पाठवलं तुम्हाला?"

भाऊजींना खरं बोलावं की शहाणपणाचं, हे ठरवता आलं नाही. "तिला माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणजे असावं."

ताई पडद्याआड गेली आणि म्हणाली, "न्या."

*

सरळ जिन्यानं पलंग सरसर वर आला. ताईच्या माजघरातून गल्लीवरच्या खोलीच्या दारापर्यंतही आला. दारातून तिरपा केला, खांब खाली करून आत सरकवला. आडवा तो मावेना. खोलीची रुंदी वाशाएवढी, पलंग त्याहून वीतभर लांब. मग हमालांनी तो गल्लीच्या दिशेनं फिरवला, समोरच्या भिंतीशी नेला आणि "या अल्ला" म्हणत पायांवर सरळ उभा केला.

सरळ होताना चारही खांबांची टोकं छताच्या वाशांमधल्या खाचांत जाऊन बसली. आपल्याच मापाची जागा असावी तशी.

"झकास बसला," म्होरक्या म्हणाला.

झकासच बसला होता. फक्त ज्या भिंतीशी बसला तिच्यातच आमच्याकडचं दार होतं, आणि ते दार खोलीत उघडणारं.

हमाल गेल्यावर रुकिया आमच्या बाजूनं दाराशी गेली. ढकललं. दार पलंगाच्या कठड्यावर आपटून थांबलं. हात जाईल एवढीच फट.

"हलिमा, तू ढकल."

मी ढकललं. भाऊजींनी ढकललं. मग भाऊजी गल्ली ओलांडून पलीकडून आत गेले आणि पलंग ओढू लागले. तो तसूभर हलेना. वर खांब वाशांत, खाली चार मण लाकूड.

"तिरपा करून सुटेल," ते फटीतून म्हणाले.

"मग करा!"

"तिरपा करायला आधी थोडा सरकवावा लागेल."

"मग सरकवा!"

"सरकवायला तिरपा करावा लागेल."

रुकियानं कपाळाला हात लावला. "तुम्ही बाहेर या. शमसा कुठाय? तिला आधी इकडे पाठवा."

भाऊजींचं तोंड फटीतून दिसत होतं. ते हळूहळू बदललं. "कुठून पाठवू?" ते म्हणाले.

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. नवरीला गल्लीत पाऊल टाकता येत नव्हतं. वरचं दार बंद. शमसा ताईच्या घरात अडकली होती, आणि लग्न होईपर्यंत तिथंच अडकून राहणार होती.

"मुद्दाम केलंय!" रुकिया त्या फटीला तोंड लावून ओरडली. "बार्केताई! ऐकतेस ना? माझी पोरगी घेतलीस!"

पलीकडून ताईचा आवाज आला, अगदी शांत. "पलंग तुझ्या विहिणीचा, हमाल तुझ्या नवऱ्याचे, पोर स्वतःच्या पायानं आली. मी काय केलं? कडी काढली."

"इतकी वर्षं नाही काढलीस ती!"

"इतकी वर्षं कुणी वाजवली नव्हती."

"खांब कापा," रुकिया म्हणाली. "करवत आणा. हलिमा, शेजारी माग."

"अगं, तिच्या आईचा पलंग आहे तो," मी म्हटलं. "ती तासाभरात येतेय. खांब तोडलेला पलंग दाखवणार?"

"मग दार तोडा."

"चौकटीवर वासा आहे," भाऊजी म्हणाले. "दार काढलं तर छत खाली येईल. आणि छत खाली आलं तर..." त्यांनी थांबून विचार केला. "तर पलंग सुटेल म्हणा."

पलीकडे कुणी तरी खुदकन हसलं. शमसाच ती. मग फटीतून तिची बोटं आली, चंदनानं पिवळी झालेली. रुकियानं ती धरली.

"आई, मी काय करू?"

"काही करू नकोस. जेवलीस का?"

"मावशीनं नारळाचा भात दिला."

रुकियाच्या तोंडावर काय काय उमटलं ते मला सांगता येत नाही. पोर जेवली याचं बरं वाटलं, आणि तिथं जेवली याचं सोसेना. "मीठ कमी घालते ती," एवढंच म्हणाली.

शमसा मला पुढे म्हणाली की तिचा त्या क्षणी सगळा गोंधळ उडाला होता. आईचा हात हातात, मागून मावशी केसांत मोगरा माळतेय, आणि आपण कुठल्या घरात आहोत हेच कळत नव्हतं. पण शेल्याला जायचं नाही, एवढं मात्र पक्कं कळत होतं.

*

झैना वेळेआधी आली. गल्लीत दोन दारं समोरासमोर. आमच्या दाराला फुलांची माळ, दारात भाऊजी. ताईच्या दारात पलंगाचं गुंडाळलेलं कापड आणि दोर. तिनं आपलं कापड ओळखलं आणि सरळ तिकडेच जिना चढली. भाऊजी "इकडे, इकडे" म्हणेपर्यंत तिच्या बुरख्याचं टोकही दिसेनासं झालं.

ताई घरात गुंडाळायच्या साध्या लेशात होती. हाताला खोबऱ्याचा चुरा. तरी तिनं झैनाला चटई घातली, उशी दिली, खोली दाखवली. रुकिया आमच्या बाजूला दाराला कान लावून, आणि मी रुकियाला चिकटून. फटीतून आम्हाला झैनाची नुसती पाठ दिसत होती, मोठी आणि समाधानी.

"बशा छान मांडल्यात," ती म्हणाली. "पलंगही शोभतो. जसा काही याच खोलीसाठी केला होता."

"हलणार नाही आता तो," ताई म्हणाली.

"तसाच हवा. आता एक सांगा, बी बार्के. मी जिना चढले तो तुमचा. बसले ती चटई तुमची. नवरीची आई मला अजून भेटली नाही. हे घर कुणाचं?"

ताई म्हणाली, "कॉफी आणते, बसा."

"घेईन की. पण ज्या घरात माझा मुलगा राहायला येणार, त्या घरच्या बाईच्या हातची पहिली कॉफी मी घेणार. आपल्यात तसंच असतं. तुमच्या हातची घेतली म्हणजे खोली तुमची, आणि रुकियानं लेकीला घर दिलं नाही असा अर्थ होतो. मग ती माझ्याकडे येईल. रागानं नाही बोलत मी. घर रिकामंच आहे माझं, संध्याकाळी कुणाशी बोलावं तर भिंती." तिचा आवाज खरंच जरा ओला झाला. "म्हणून विचारते. खोली कुणाची?"

रुकियाचं डोकं त्या वेळी कसं चाललं ते तिचं तिला ठाऊक. तिला वाटलं, पाहुणी ताईकडे बसली आहे, ताईचा मान ठेवला तरच ताई सांभाळून घेईल. तिनं फटीला तोंड लावून ओरडून सांगितलं, "खोली बार्केताईची आहे!"

आणि नेमकं त्याच वेळी ताई पलीकडून म्हणाली, "रुकियाची."

झैना फटीकडे वळली, मग ताईकडे. "काय म्हणालात?"

"रुकियाची आहे," ताई म्हणाली. "पहिल्यापासून."

"ताईचीच!" रुकिया म्हणाली. एकदा बोललं ते आता मागे कसं घेणार? "वासे तिच्या भिंतीत आहेत!"

"तुझ्याही भिंतीत आहेत. आई तुझ्या दारानं यायची."

"पण पहिला वासा तुझ्याकडे बसला, तूच म्हणायचीस!"

"मी काय, पुष्कळ काही म्हणायचे."

मी रुकियाचा दंड दाबत होते, पण कुणाच्या बाजूनं दाबतेय हे माझं मलाच कळत नव्हतं.

"अरे देवा," झैना म्हणाली. "सगळ्या लामूला ठाऊक आहे, या खोलीपायी तुम्ही दोघी बोलत नाही. दोघी म्हणायच्यात माझी. मी आज विचारायला आले तर कुणाचीच नाही? बिनमालकाच्या खोलीत झोपवू माझ्या मुलाला?" ती उठून उभी राहिली. "मी फटीशी सोयरीक करत नाही. नवरीच्या आईनं माझ्यासमोर येऊन सांगावं. नाही तर मुलगी शेल्याला."

*

रुकियानं बुरखा घेतला. चुलीवरचं पितळी कॉफीपात्र निखाऱ्यांच्या शेगडीसकट उचललं. "आमच्याच घरची कॉफी आहे," ती कुणाला तरी समजावत असल्यासारखी म्हणाली. मी मागोमाग. भाऊजींनी विचारलं, "आता कुठं?" तोवर आम्ही उंबरा ओलांडला होता.

गल्ली ती केवढी. दोन लादलेली गाढवं शेजारून गेली तर ओझी लागावीत. पण त्या खोलीच्या खाली आल्यावर रुकिया थांबली आणि तिनं वर पाहिलं. ती खोली इतकी वर्षं तिनं खालून पाहिलीच नव्हती. तिथून जायची वेळ आली की मान खाली घालून जायची.

ताईच्या उंबऱ्यापाशी ती पुन्हा थांबली. चाळिसाव्यानंतर तिचं पाऊल तिथं पडलं नव्हतं. हात गुंतलेले, म्हणून दार वाजवता येईना.

"येऊ का?" ती म्हणाली. मलाही जेमतेम ऐकू आलं.

वरून काही हालचाल नाही. रुकिया माझ्याकडे वळली. तिचे डोळे आता भरणार असं दिसलं. "परत जाऊ या का गं?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ताई स्वतः खाली येत होती, एका हातानं गुडघा धरून. शेवटच्या पायरीवर उभी राहून तिनं धाकटीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उंबऱ्यावर काय उभी राहतेस? वर तुझे पाहुणे ताटकळलेत," ती म्हणाली, आणि शेगडी तिच्या हातून घेतली.

वर झैना भिंतीला टेकून बसली होती. शमसा आतल्या पडद्याआड. पडद्याखाली तिची मेंदी न लावलेली पावलं दिसत होती. रुकिया चटईवर बसली. जागा कुठली हे तिनं विचारलं नाही, बसली ती पाहुणीच्या समोर, घरच्या बाईच्या जागी. ताई आत गेली, आपले पेले घेऊन आली आणि भावजय किंवा मोलकरीण बसते तशी बाजूला बसली. मी ताईला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

"विहीणबाई," रुकिया म्हणाली, "मघाशी मी चुकीचं बोलले. खोली माझी आहे. माझ्या लेकीला दिली. रस्ता मात्र ताईच्या घरातून आहे. तो असाच राहील. पलंग हलत नाही."

"आणि बी बार्के? रोज जावई तुमच्या माजघरातून येणार-जाणार. चालेल?"

"मी दाराशीच बसते," ताई म्हणाली. "कडी काढायला कुणी तरी लागतंच."

झैनानं एकदा पडद्याखालच्या पावलांकडे पाहिलं. तिला काय वाटलं असेल? शेल्याचं ते मोठं घर, आणि संध्याकाळ. शेवटी तिनं हात पुढे केला.

पात्र रुकियाचं, पेले ताईचे. रुकियानं ओतलं. झैनानं एक घोट घेतला आणि ठसका लागून तिचे डोळे पाण्यानं भरले.

"आलं!" ती म्हणाली. "केवढं हे आलं! कुणी घातलं?"

रुकियानं सकाळी घरी घातलं होतं, हे मी पाहिलं होतं. जिन्यावरून वर येताना ताईनंही, बाबांना कॉफी तशी आवडायची म्हणून, खाली उतरताना मुठीत आणलेलं आलं झाकण उचलून आत टाकलं होतं, तेही मी पाहिलं होतं.

"हिनं," रुकिया ताईकडे बोट दाखवून म्हणाली.

"हिनं," ताई रुकियाकडे बोट दाखवून म्हणाली.

झैनानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग डोळे पुसले, उरलेला घोट संपवला आणि पेला पुन्हा पुढे केला.